हौसेची पावती कुणाच्या नावानं फाटते?

श्रावण सरत आला की बेळगावात गणपतीच्या मांडवांच्या आधी एक वाद उभा राहतो, आणि यंदा तो जरा जास्तच तापलाय. एका बाजूला व्यावसायिक वाद्यवृंदवाले. त्यांचं म्हणणं असं, की नोकऱ्या सांभाळून फुकट वाजवणाऱ्या हौशी ग्रुपनी आमच्या पोटावर पाय आणला, मंडळं आता आम्हाला विचारतसुद्धा नाहीत. तेव्हा हौशींना सार्वजनिक स्टेजवर चढूच देऊ नका. दुसऱ्या बाजूला हौशी मंडळी आणि त्यांना बोलावणारे कार्यकर्ते. ते म्हणतात, कला ही सेवा आहे, देवापुढं वाजवायचे पैसे कसले मागता? ज्याला पैसा हवा त्यानं गोव्याच्या हॉटेलात जाऊन वाजवावं. अनगोळपासून कंग्राळीपर्यंत चहाच्या गाड्यांवर हेच चाललंय. दोन्ही बाजू तावातावानं भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं गुपचूप एकमत आहे: हौशी माणूस वाजवतो ते फुकट असतं.

ते फुकट नसतं. मी अशाच एका हौशी ग्रुपमध्ये पेटी वाजवते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. प्रत्येक फुकट कार्यक्रमाची पावती फाटते. फक्त ती मंडळाच्या नावानं न फाटता वाजवणाऱ्याच्या घराच्या नावानं फाटते. हे एकदा मान्य केलं की वादाचं टोकच बदलतं. माझं मत सरळ आहे. रेघ ओढायचीच असेल तर ती कलाकारावर ओढू नका, कार्यक्रमावर ओढा. ज्या कार्यक्रमात मांडववाल्याला, लाइटवाल्याला, साउंडवाल्याला पैसे मिळतात, तिथे वाजवणाऱ्यालाही मिळाले पाहिजेत. तो पोटासाठी वाजवत असो की हौसेसाठी, दर एकच. आणि जिथे कुणालाच काही मिळत नाही, म्हणजे देवळातलं भजन, कुणाच्या घरची बैठक, गल्लीतल्या पोरांचं स्नेहसंमेलन, तिथे हौशी माणसानं मनसोक्त वाजवावं आणि व्यावसायिकानं त्याच्या नावानं बोटं मोडू नयेत.

आधी व्यावसायिकांची बाजू, कारण ती खरी आहे आणि हौशी लोक ती ऐकूनच घेत नाहीत. या भागातल्या वाद्यवृंदवाल्याची कमाई गणपती ते दिवाळी, मग लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा, एवढ्यात असते. आमच्याकडचा पाऊस उभ्या महाराष्ट्र-कर्नाटकाला माहीत आहे. त्या महिन्यांत त्याचे हात रिकामे. कीबोर्डचा हप्ता, गाडीचा हप्ता, पोरांची फी मात्र पाऊस बघत नाही. करोनाच्या काळात स्टेज बंद पडलं तेव्हा मी ज्या सोसायटीत कॅशला बसते तिथला माझा पगार महिन्याच्या महिन्याला चालू होता, त्यांच्या घरात एक रुपया येत नव्हता. असं असताना पगारदार माणसानं जाऊन त्याच स्टेजवर फुकट वाजवायचं, आणि वर ‘आम्ही काय पैशासाठी नाही वाजवत’ असं ऐटीत सांगायचं, हे बरं नव्हे. ऑफिसातल्या माणसाच्या खुर्चीवर शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘मी बिनपगारी करतो तुमचं काम, मला आवड आहे,’ तर चालेल कुणाला? तेव्हा त्यांचा राग रास्त आहे.

पण रागावरचा उतारा चुकीचा आहे. हौशींना स्टेजवर बंदी घालायची म्हणजे नेमकं कुणाला घालायची? पगार असणाऱ्याला? मग आकाशवाणीत नोकरी करत मैफली गाजवणाऱ्यांचं काय करायचं? संगीत हा ज्याचा एकमेव धंदा नाही त्याला? मग अण्णासाहेब किर्लोस्करांना आधी खाली उतरवावं लागेल. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा माणूस काही काळ बेळगावात शिक्षक होता. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले अंक रंगभूमीवर आले तेव्हा तो सरकारी नोकरी करत होता. नोकरी करता करता केलेल्या त्या उद्योगातून किर्लोस्कर मंडळी उभी राहिली आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत व्यावसायिक गायकनटांची अख्खी फळी तिनं पोसली. दुसरं उदाहरण भातखंड्यांचं. पंडित विष्णु नारायण भातखंडे शिकले वकिली. संगीताची गोडी वाढली ती मुंबईतल्या पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत, म्हणजे १८७० साली निघालेल्या, आजच्या भाषेत सांगायचं तर हौशी क्लबात. ते काही मैफलीचे गवई नव्हते. पण त्यांनी दारोदार हिंडून बंदिशी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत, मांडणी केली, क्रमिक पुस्तकं काढली, आणि आज ज्यांच्या पोटाला संगीत मिळतं त्यांतले कितीतरी जण त्याच पुस्तकांवर शिकलेत. व्यवसायाची जमीन हौसेनंच नांगरलेली असते. तिथून हौशाला हुसकावणारा व्यावसायिक स्वतःच्याच बियाण्यावर उठलेला असतो.

गंमत म्हणजे या प्रश्नावर आपल्यापेक्षा कायद्यानं जास्त डोकं चालवलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम सांगतं, की हौशी क्लबानं किंवा संस्थेनं पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर तो हक्कभंग ठरत नाही. वाजवणाऱ्याला पगार किती, तो दिवसा काय करतो, याची चौकशी त्यात कुठेही नाही. संस्था हौशी असली की पुढं प्रयोग कोणत्या प्रसंगाचा आहे, ऐकणाऱ्याच्या खिशातून काही गेलं का, एवढंच कायदा बघतो. मी म्हणते ती रेघ हीच. पैसा प्रसंगात फिरत असेल तर तो वाजवणाऱ्यापाशी येऊनच का थांबावा?

आता सेवावाल्यांकडे. त्यांचाही मुद्दा पोकळ नाही, आणि मी तो घरातच रोज बघते. माझ्या सासूबाई महिला भजनी मंडळात आहेत. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन. टाळ ज्याचे त्याचे, पेटी देवळाची, पखवाजाला शाळकरी नातू, चहा ज्या घरी पाळी असेल तिथला. तिथे पाकीट ठेवायचा विचार जरी कुणी बोलून दाखवला तरी मंडळ मोडेल, आणि मोडावंच. सीमेच्या अलीकडे-पलीकडे, मराठीत असो की कानडीत, अभंग असो की दासरपद, म्हणजे कानडी हरिदासांचं भक्तिपद, शतकानुशतकं हे असंच चालत आलंय. पैसा शिरला की भजनाची पोथी होते हिशेबाची, हे मला मान्य. पण या भजनाच्या पुण्याईवर जे कार्यकर्ते आपलं स्टेज चालवू पाहतात, त्यांना एक विचारू? तुमच्या स्टेजवर साउंडवाला सेवा करतो का? जनरेटरवाला? कमानीचा लाइटवाला? सूत्रसंचालनाला बाहेरून आणलेला निवेदक? गेल्या खेपेला आम्ही जिथे वाजवलं त्या मंडळाचा जमाखर्च उत्सवानंतर फळ्यावर लागला होता. मूर्ती, मांडव, रोषणाई, साउंड, वाजंत्री, महाप्रसाद, सगळ्यांपुढं आकडे. आमच्या वाट्याला आलेली शाल आणि श्रीफळ ‘किरकोळ’ या सदरात होतं. नारळाची चटणी झाली, शाल पेटीखाली अंथरली. आणि आमचा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मशीनवर आहे. त्यानं त्या दिवशी अर्धा दिवस खाडा केला होता. तो खाडा कुठल्या फळ्यावर लागला? त्याच्या बायकोच्या महिन्याच्या हिशेबात.

इथे ग्रुपबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर ‘हौशी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रिकामटेकडे उभे राहतात. तबलजी वडगावचा, मागावर साड्या विणणारा. त्याच्या माडीखालच्या मागाच्या खोलीतच आमची रिहर्सल, माग बंद असतील त्या दिवशी. गाणारे सर खानापूर तालुक्यातल्या कन्नड शाळेत शिकवतात, घरची भाषा कानडी, नाट्यपदं मात्र माझ्यापेक्षा शुद्ध म्हणतात. दुसरी गाणारी नर्स आहे, तिची ड्यूटी पाहूनच आमची तारीख ठरते. गिटारवाला कॅम्पातला, रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवतो. तबलजी मला ‘वैनी’ म्हणतो, सर ‘अक्का’ म्हणतात. सरांना गायला काळी एक ही पट्टी लागते, नर्सबाईंना काळी चार. एकाच पदावर दोघांनी हक्क सांगितला की अर्धी रिहर्सल पट्टीच्या भांडणात जाते आणि उरलेली अर्धी ‘हं, घ्या की ओ आता’ म्हणण्यात. गेल्या पावसाळ्यात तबलजीच्या मागाची मोटर जळाली तेव्हा ऑक्टोपॅडवाल्यानं रात्रपाळी करून येऊन ती उतरवली, वाइंडिंगला नेली, परत बसवली. अशी माणसं एकत्र कशामुळं राहतात? मानधनामुळं नक्कीच नाही, तेव्हा तर मानधन नव्हतंच. हौशी ग्रुप म्हणजे एक जादाचं घर असतं, आणि त्यातच मेख आहे. जादाचं घर चालवायचं तर पहिल्या घरातून काहीतरी काढून आणावं लागतं.

काय काढून आणतो आपण? मुख्यतः वेळ, आणि तोही अगदी मोक्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. उत्सवाच्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढीच. नियम चांगला आहे, म्हाताऱ्यांना आणि पोरांना झोप मिळते, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्यामुळं कार्यक्रम आले संध्याकाळी सात ते दहात. म्हणजे कुकर लावायची, पोराचं गणित बघायची, सासऱ्यांना गोळ्या द्यायची नेमकी वेळ. पूर्वीच्या रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकाला, भजनाला माणूस घरचं आवरून जायचा. आता घर आवरायच्या वेळेतच उठून जावं लागतं. मी स्टेजवर असते तेव्हा भाकऱ्या कोण थापतं, हा प्रश्न पुरुष वादकांना कुणी विचारत नाही, मला मात्र प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच. विचारू देत. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो सगळ्यांना विचारा.

कलेचा खर्च कोण उचलतो, याचं उत्तर इतिहासात फार जुनं आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तो कानडी भागवतांचे खेळ पाहिलेल्या सांगलीच्या संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले, आश्रय आटला, आणि मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. राजा देत होता, मग तिकीट काढणारा देऊ लागला. खर्च काही नाहीसा झाला नव्हता, देणारा बदलला होता. आजच्या हौशी कलाकाराचा चिंतामणराव कोण? मंडळाचा अध्यक्ष समजतो की तोच, कारण तो शाल घालतो. खरा आश्रयदाता घरी बसलेला असतो आणि त्याचं नाव माइकवरून ‘घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हतं’ या एका वाक्यात गुंडाळून टाकलेलं असतं. मला त्या वाक्याची चीड आहे. पाठिंबा म्हणजे काय, तपशील सांगा ना.

तपशील सांगायचे तर मोठ्यांच्या घरातले सांगते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तिथे स्वागतगीत गाणाऱ्यांत धारवाडची एक शाळकरी मुलगी होती. त्याच पुढं गंगूबाई हनगल. त्यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीच्या उत्तम गायिका. मुलीनं हिंदुस्थानी शिकायचं ठरलं तेव्हा आपल्या गाण्याची छाया तिच्या गळ्यावर पडू नये म्हणून अंबाबाईंनी आपलं गाणं थांबवलं. एका गळ्याची किंमत दुसऱ्या गळ्यानं मोजली. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयानं अंथरुणाला खिळले तेव्हा देवासला घर कुणी चालवलं? भानुमतीबाईंनी, शाळेत नोकरी करून, शुश्रूषा करून. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या. आपण कुमारांची बंदिश ऐकताना दाद देतो ती नेमकी किती जणांना पोचते? आणि ही तर थोरामोठ्यांची घरं, ज्यांचं नाव निदान चरित्रात येतं. आमच्यासारख्यांच्या घरचा खर्च चरित्रातही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सोडा ना हौस, संसार करा. हे सगळ्यात आळशी उत्तर आहे. घर आणि गाणं यांचं वैर असतं तर घरानं केव्हाच पेटी माळ्यावर टाकली असती. माझ्या नवऱ्याला सूर कळत नाही. षड्ज आणि पंचम त्याला सारखेच. पण जून लागला की पेटीची काळजी तोच करतो. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, एखादा सूर मुकाच होतो. तेव्हा हा चष्मा लावून बसतो, झाकण उघडतो, रीडखालून पातळ कागद फिरवून धूळ काढतो आणि मला म्हणतो, ‘बघ आता बोलतोय काय.’ स्कूटरवरून रिहर्सलला जाताना पाऊस आला तर रेनकोट पेटीला घालतो आणि स्वतः भिजतो. मी रागावते, दर पावसात. पोराला पाढ्यांच्या आधी काळ्या पट्ट्या मोजता येऊ लागल्या. घरात असं वाद्य वाजत राहिलं तरच उद्या मैफलीला तिकीट काढून बसणारा कान तयार होतो. तानसेन व्यावसायिक देतील, कानसेन मात्र अशा घरांतूनच येतात. म्हणून तर मला राग येतो तो फुकट घेणाऱ्यांचा. ज्या घरानं इतकं दिलंय त्याच्याकडून आणखी काढून घ्यायचं आणि त्याला सेवा म्हणायचं.

बायकांच्या बाबतीत एक अवघड आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. आमच्याच नर्सबाईंच्या सासरी पहिल्यांदा पाकिटाचा विषय निघाला तेव्हा दीर म्हणाला, ‘देवापुढं गातेस तोवर ठीक, पैसे घेऊन गाणार असलीस तर घरात नको.’ त्यामागं जुना डंख आहे. पैसे घेऊन गाणाऱ्या बाईला आपल्या समाजानं काय काय म्हटलं हे गंगूबाईंच्या पिढीनं सोसलंय. अनेक बायकांना स्टेज मिळतं ते केवळ फुकट आणि देवाचं म्हणून, हे खरं. मग मानधनाचा आग्रह धरून मी त्यांची वाट बंद करतेय का? बराच विचार करूनही मला तसं वाटत नाही. जी परवानगी ‘फुकट असेल तरच’ या अटीवर मिळते ती गाण्याला दिलेली नसतेच. तिच्यात बाईच्या तीन तासांना शून्य किंमत लावलेली असते, आणि शून्य किमतीच्या वेळेवर घरातलं कुठलंही काम चढाई करू शकतं. पाहुणे आले, रिहर्सल रद्द. नणंद आली, कार्यक्रम रद्द. त्या दिराचं मत अजून बदललेलं नाही. नर्सबाई मात्र गातात, पाकीट घेतात आणि त्यातून रिक्षाचं भाडं देऊन रात्री सुरक्षित घरी जातात. आधी कुणाच्या तरी मोटरसायकलची वाट बघत मांडवाच्या कोपऱ्यात थांबायच्या.

राहिले व्यवहाराचे प्रश्न. गल्लीतलं छोटं मंडळ कुठून देणार? वर्गणी किती जमते हे मला ठाऊक आहे, आमच्या गल्लीची पावतीपुस्तकं मीच तपासते. पण छोटं मंडळ कमानी उभारत नाही, भिंतीएवढे स्पीकरही आणत नाही. शाळेतला माइक, गल्लीतलीच पोरं, कुणाच्या तरी घरची सतरंजी. तिथे कुणालाच पैसे नाहीत, तेव्हा तिथे आम्हीही फुकट. अडचण आहे ती मोठ्या मंडळांची, ज्यांना रोषणाईला पैसे सापडतात आणि तबल्याला सापडत नाहीत. दुसरा प्रश्न व्यावसायिकांचा: हौशी जर पूर्ण दर घेऊ लागले तर आमचं काम आणखीच जाईल. मला उलटं वाटतं. फुकटशी स्पर्धा करता येत नाही, हेच तर त्यांचं दुखणं आहे ना? दर सारखा झाला की मंडळ विचारणार, चांगलं कोण वाजवतं? आणि तीन तास विनाथांबा, फर्माईश येईल तशी पट्टी बदलत वाजवायचं तर आठवड्यातून एकदा भेटणारे आम्ही रोज वाजवणाऱ्यांपुढं कुठं टिकणार! आमचे चार कार्यक्रम त्यांच्याकडे गेले तर मला वाईट वाटेल, पण तो न्याय होईल.

फुकटपणाचा आणखी एक तोटा आहे, जो फक्त सीमाभागातल्या माणसाला कळेल. १९५६ ला इथली राज्यांमधली रेघ ओढली गेली, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा टाकला, निकाल अजून नाही. तोवर प्रत्येक स्टेज हा एक छोटा दावाच असतो. सर बसवण्णांसारख्या शरणांची कानडी वचनं गातात, तर एका ठिकाणी त्यांना सांगितलं जातं, ‘वचन-बिचन नको, मराठीच म्हणा.’ चार मैलांवर दुसरीकडे त्याच सरांना सांगितलं जातं, अभंग नको, कानडीच होऊ दे. आता गदगच्या भीमसेन जोशींनी संतवाणीही गायली आणि दासवाणीही, दोन्हीकडे माणसं रडली, हे सांगून भांडण मिटत नाही. मी सांगून पाहिलंय. पण एक निरीक्षण आहे. फुकट बोलावलेल्या माणसाला काय गायचं हे सांगायला कुणालाच संकोच वाटत नाही. दर ठरवून, गाण्यांची यादी आधी देऊन गेलो, तिथे अशी सूचना करताना कार्यकर्ता निदान घसा तरी खाकरतो. सरांची दोन वचनं आणि दोन अभंग आता यादीतच असतात, खाली अध्यक्षांची सही.

मोठ्या मंडळांना मी एवढंच सुचवते, की यंदाच्या फळ्यावर मूर्ती आणि मांडवाच्या रांगेत ‘कलाकार मानधन’ असं एक सदर घाला, आणि त्यापुढचा आकडा हौशी-व्यावसायिक न बघता भरा. ज्याला सेवाच करायची आहे त्यानं ते पाकीट उघडपणे मंडळाच्या देणगीपेटीत टाकावं. मग ती देणगी होईल, तिचीही पावती फाटेल, आणि ती द्यायची की नाही हे त्याचं घर ठरवेल.

आमच्यातल्या गिटारवाल्याला हे काहीच पटलेलं नाही. तो म्हणतो, चर्चमध्ये वाजवताना त्याला जे मिळतं ते पाकीट घेतलं की मिळणार नाही, आणि आठवडाभर हिशेबच करतो तेव्हा रविवारी तरी नको. त्याच्याशी भांडून आम्ही दमलो, तोही दमला, आणि शेवटी त्याच्या मताप्रमाणे तो जिथे कुणालाच पैसे नाहीत अशा कार्यक्रमांना येतो. चौथीच्या दुसऱ्या दिवशी शहापुरात आमचा पाकिटाचा कार्यक्रम आहे. त्यासाठी वाद्यवृंदात वाजवणारा एक व्यावसायिक गिटारवादक ठरवलाय, चालू दरानं, अर्धे पैसे आगाऊ. पहिल्या रिहर्सललाच त्यानं आमच्या तीन चुका काढल्या.